उद्याच्या गुरुजींच्या हातातला मोबाईल

आमच्या वस्तीत आज चार-पाच घरांआड एखादी मुलगी नाहीतर मुलगा डी.एल.एड. किंवा बी.एड. करताना दिसतो. ज्या घरात आजोबांनी हमाली केली, आजीने विड्या वळल्या, त्याच घरातली पोर रात्री दिव्याखाली पाठाचे टाचण काढत बसलेली पाहिली की बरे वाटते. शिक्षक होणे म्हणजे आपल्याकडे नुसती पगाराची नोकरी लागणे नव्हे. ज्या वर्गात आपल्या आधीच्या पिढ्यांना बाहेर किंवा कोपऱ्यात बसावे लागले, त्या वर्गात उभे राहून सगळ्यांच्या मुलांना शिकवण्याचा तो अधिकार आहे.

या मुलांच्या हातातली साधने मात्र झपाट्याने बदलली आहेत. खडू, फळा आणि तक्ते आहेतच, पण त्यांच्या जोडीला मोबाईल आला, भिंतीवर स्मार्ट टीव्ही आला, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आला, आणि आता विचारल्याबरोबर उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज हा भाग अभ्यासक्रमात आला. तो कागदावर चांगला आहे. पण ‘चिकित्सक समज’ म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी एवढेच म्हणेन की यंत्र कसे चालवायचे याबरोबरच ते कुठे थांबवायचे हे कळणे.

मी शिक्षक नाही. मराठी माध्यमाच्या एका शाळेत १९९० पासून २०२२ पर्यंत शिपाई होतो. घंटा दिली, वर्ग उघडले, पाणी भरले, परीक्षेचे गठ्ठे वाहिले. शिपायाला वर्ग दारातून दिसतो. शिकवणाऱ्याचे तोंड मुलांकडे असते आणि आम्हाला दारातून मुलांची तोंडे दिसतात. बत्तीस वर्षांत त्या तोंडांवर जे पाहिले, त्यातले थोडे आज लिहितो आहे. माझी धाकटी मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी हे लिहिणे आहे.

नोटीस वही आणि ग्रुप

पूर्वी शाळेत लाल कापडी पुठ्ठ्याची नोटीस वही असायची. मुख्याध्यापकांनी नोटीस लिहिली की ती वही घेऊन मी वर्गावर्गात जायचो. शिक्षक वाचत आणि सही करत. वर्षातून एकदा शिष्यवृत्तीची नोटीस निघे आणि तिला मुलांच्या नावांची यादी जोडलेली असे. बहुतेक शिक्षक ती मोठ्याने वाचत आणि म्हणत, “यादीतली मुलं उभी राहा.” सात-आठ मुले उभी राहत. त्या एका मिनिटात कोण कोणत्या जातीचा, हे साऱ्या वर्गाला कळत असे. काही मुले ताठ उभी राहत, काही बाकाला धरून. बसलेल्यांपैकी कोणी हसे, कोणी नुसते वळून पाही.

आमच्या शाळेत एक बाई मात्र वेगळ्या होत्या. त्या नोटीस मनातल्या मनात वाचत, सही करत आणि वही मला परत देत. मग मधल्या सुट्टीत त्या मुलांना एकेक करून काहीतरी निमित्ताने कार्यालयात पाठवत. फॉर्म भरला जाई, सही होई, पैसेही मिळत. वर्गाला पत्ता लागत नसे. त्यांना कोणत्या प्रशिक्षणात हे शिकवले होते ते मला माहीत नाही. पण तंत्रज्ञानाच्या नीतीबद्दल आज जेवढे बोलले जाते, त्याचे सार मला त्या बाईंच्या वागण्यात दिसते. माहिती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोचवायची आणि बाकीच्यांपासून राखायची.

आता नोटीस वहीचे काम ग्रुपने घेतले आहे. गेल्या वर्षी आमची मुलगी छात्राध्यापिका म्हणून एका शाळेत जात होती. सातवीच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये तिलाही घेतले होते. एका सकाळी ग्रुपवर एक यादी आली. ज्यांचे अर्ज अपूर्ण आहेत त्यांनी कागदपत्रे आणून द्यावीत, असा निरोप होता. यादीत विद्यार्थ्याचे नाव, जात, पालकाचा मोबाईल, बँकेचा खाते क्रमांक आणि आधार क्रमांक असे सगळे रकाने होते. आणि त्यातल्या एका भागाचे शीर्षक होते, अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या पाल्यांसाठीची शिष्यवृत्ती.

ही शिष्यवृत्ती चांगली आहे. ती हक्काची आहे आणि प्रत्येक पात्र मुलाला मिळालीच पाहिजे. पण त्या वर्गात एक मुलगा होता, ज्याने मित्रांना एवढेच सांगितले होते की माझे वडील सरकारी कामावर आहेत. वडील गटारांच्या सफाईच्या कामावर होते. त्या सकाळी साठ घरांत ते कळले. त्याच्या स्वतःच्या घरात सर्वांत शेवटी कळले, कारण घरातला एकच मोबाईल वडिलांबरोबर कामावर गेला होता. दुपारी शाळेत मुलांनी नाक धरून दाखवले. तो पोरगा तीन दिवस शाळेत आला नाही.

त्या मुलाबद्दल याहून अधिक लिहीत नाही. लिहिले तर यादीने जे केले तेच माझ्या हातून होईल.

रात्री मुलीने घरी सांगितले. तिची आई म्हणाली, “तुझे गुण त्या शाळेच्या हातात आहेत. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, गप राहा.” आईचे चूक नव्हते. छात्राध्यापिका म्हणजे पाहुणी. तिच्या शेऱ्यावर तिची पदवी अवलंबून. मी काहीच बोललो नाही, कारण निर्णय तिचा होता. दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिकांकडे गेली. त्या म्हणाल्या, “एवढं काय त्यात? खरंच तर आहे ते.” मुलगी म्हणाली, “खरं आहे म्हणूनच ते त्यानं स्वतः सांगायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या, मॅडम.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग वर्गशिक्षिकेला बोलावून संदेश काढायला लावला. वर्गशिक्षिका वाईट बाई नव्हत्या. पोर्टलची शेवटची तारीख जवळ आली होती, कारकुनाने फाइल पाठवली, यांनी ती पुढे ढकलली. आपल्याकडचे बरेचसे नुकसान असेच होते. कोणाच्या मनात द्वेष नसतो. घाई असते, आणि बोट पुढे ढकलण्याच्या बाणाला लागलेले असते. ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, हे खरे. पण ज्याने फाइल आधीच उतरवून घेतली, त्याच्या मोबाईलमधून ती निघत नाही. नोटीस वही संध्याकाळी कपाटात बंद होत असे. ही यादी आजही कोणाकोणाच्या फोनमध्ये असेल, कोण सांगणार?

मुलगा चौथ्या दिवशी आला. काही दिवस चिडवणे चालले, मग थांबले. त्या शाळेत आता अपुऱ्या अर्जाचा निरोप ज्याच्या त्याच्या पालकाला वेगळा जातो किंवा फोन करून सांगतात. याला नवे यंत्र लागले नाही की पैसा लागला नाही. दहा मिनिटे जास्त लागली.

कायदा काय म्हणतो

आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की ही सगळी सौजन्याची बाब आहे. शिक्षक भला असेल तर करील, नाहीतर नाही. तसे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची हमी देणाऱ्या घटनेच्या २१ व्या कलमातच तो हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे हा हक्क बंगल्यात राहणाऱ्याला जेवढा, तेवढाच झोपडीतल्या पोरालाही आहे.

पुढे सप्टेंबर २०१८ च्या आधारच्या निकालात न्यायालयाने शाळेतल्या प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे म्हटले. कोणाचा आधार क्रमांक जाहीरपणे लावणे किंवा प्रसिद्ध करणे, याला तर २०१६ च्या आधार कायद्यातच मनाई आहे. जिथे प्रत द्यावीच लागते तिथे पुष्कळदा फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे झाकलेले आधार चालते. ते अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, हे तत्त्व घातले आहे. शाळांना काही बाबतींत सवलती आहेत. पण ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामापुरती ती वापरायची, हा त्याचा गाभा प्रत्येक भावी शिक्षकाने पाठ करून ठेवावा. शिष्यवृत्तीसाठी घेतलेली जात शिष्यवृत्तीच्या अर्जात राहील. ती ग्रुपवर, बाकांच्या मांडणीत किंवा शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पांत येण्याचे कारण नाही.

फोटो कोणाचा?

दुसरी गोष्ट फोटोंची. सरावपाठ झाला की कॉलेजात पुरावा द्यावा लागतो, म्हणून फोटो आणि व्हिडिओ काढले जातात. इथवर ठीक. पण मग तोच फोटो मुलीच्या स्टेटसला जातो, कोणी गाणे लावून रील करतो. वर्गातल्या पोराने उत्तर चुकवले, ते गमतीचे वाटले, की त्याचीही चित्रफीत होते. लोक हसतात. त्या पोराला वर्गात पुन्हा हात वर करायला किती दिवस लागतील याचा हिशेब कोणी करत नाही.

गणवेश वाटप, वह्या वाटप, बूट वाटप यांचे फोटो तर विचारूच नका. देणारे पाच जण मागे हसत उभे, आणि पुढे एक मूल हातात बुटांचा खोका घेऊन. मी असे फोटो निघताना बत्तीस वर्षे खुर्च्या मांडल्या आहेत. मुले कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, खाली पाहतात. ज्याला दान घेताना जगाला दाखवले जाते, त्याला ती वस्तू वापरताना आनंद होत नाही. आपल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तेव्हा छात्राध्यापकांनो, एक सोपा नियम करा. फोटो लागलाच तर मुलांच्या हातांचा काढा, त्यांनी केलेल्या तक्त्याचा काढा, मागच्या बाजूने वर्गाचा काढा. चेहरा हवा असेल तर आधी पालकाला विचारा आणि मुलालाही विचारा. “तुझा फोटो काढू का?” हे चार शब्द सातवीतल्या मुलाला सांगून जातात की तुझ्यावर तुझा हक्क आहे. हा नागरिकशास्त्राचा धडाच आहे आणि तो पुस्तक न उघडता होतो. कॉलेजसाठी काढलेला व्हिडिओ काम झाल्यावर मोबाईलमधून पुसून टाका.

स्मार्ट टीव्हीबद्दलही थोडे सांगतो. पुष्कळ शिक्षक आपलाच मोबाईल टीव्हीला जोडून शिकवतात. एकदा एका गुरुजींनी असा फोन जोडला आणि धडा चालू असताना त्यांच्या कर्जाचा हप्ता थकल्याचा निरोप भिंतीएवढ्या पडद्यावर झळकला. पोरे वाचून मोकळी. बिचारे गुरुजी घामाघूम. म्हणून जोडण्याआधी येणारे निरोप बंद करावेत. चित्रफीत दाखवायची तर घरी शेवटपर्यंत पाहून ठेवावी. मधे कसली जाहिरात येते आणि ती संपल्यावर आपोआप काय सुरू होते, हे आधी माहीत हवे. फळ्यावर आपण काहीही खरडत नाही. मग पडद्यावर काहीही कसे येऊ द्यायचे?

यंत्राने लिहिलेला पाठ

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि बघता बघता पाठाची टाचणे, प्रश्नपत्रिका, अहवाल सगळे यंत्राकडून लिहून घेण्याची रीत पडली. मी याच्या विरुद्ध नाही. ज्या मुलीच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, विचारायला शिकलेला काका-मामा नाही, तिला रात्री अकरा वाजता शंका विचारायला काही मिळाले तर ते चांगलेच आहे. पण त्यातला धोका मी माझ्या घरात पाहिला.

मुलीची एक मैत्रीण महाडच्या सत्याग्रहावर पाठ घेणार होती. तिने यंत्राकडून टाचण लिहून घेतले. भाषा अगदी गोड, उद्दिष्टे आणि प्रश्न जागच्या जागी. दोघी ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचत होत्या. माझी आई बाजूला तांदूळ निवडत होती. ती शाळेत गेलेली नाही. वाचता वाचता वाक्य आले की २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. आई सुपातून मान वर न करता म्हणाली, “नाही वं पोरी, ते तं हिवाळ्यातलं हाय. पाणी उन्हाळ्यातलं.”

म्हातारीचे बरोबर होते. चवदार तळ्याचे पाणी घेतले ते २० मार्च १९२७ ला. मनुस्मृतीचे दहन झाले २५ डिसेंबर १९२७ ला. यंत्राने दोन घटनांची एक केली होती, आणि तेही कुठे न अडखळता. त्याला खोटे बोलायचे नव्हते. शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, हे अफाट मजकुरावरून शिकून ते वाक्ये जुळवते. ज्या गोष्टींवर पुष्कळ आणि नीट लिहिले गेले आहे तिथे ते बरे चालते. ज्यांच्याबद्दल कमी लिहिले गेले तिथे घसरण्याची भीती जास्त. आपला इतिहास, आपली गावे, आपली बोली यांच्याबद्दल जगाने कमीच लिहिले. तेव्हा आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त तपासून घ्यावे लागेल. ही इतिहासाची थकबाकी आहे आणि ती आपल्याच डोक्यावर आली आहे, पण तिला इलाज नाही.

तपासायचे कुठे? पाठ्यपुस्तकात, वाचनालयात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड पुष्कळ वाचनालयांत आहेत. मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही तारखा पाहिल्या आणि पाठात भरही घातली. वर्गात तिने तो यंत्राचा चुकलेला मजकूरच फळ्यावर लिहिला आणि मुलांना विचारले, यात चूक कुठे आहे ते पुस्तकातून शोधा. तास संपला तरी मुले पुस्तकात डोके घालून होती. यंत्राचा याहून चांगला उपयोग मी ऐकलेला नाही.

याच संदर्भात एक धोका आहे, ज्याची चर्चा कॉलेजात फारशी होत नाही. बी.एड.ला एखाद्या मुलाचा व्यक्ती अभ्यास करावा लागतो. घरची परिस्थिती, वडिलांचे काम, आईचे आजारपण, मुलाचे मागे पडणे, सारे त्यात येते. हा अहवाल नीटनेटका व्हावा म्हणून मुली सगळी माहिती नावासकट यंत्रात टाकतात. त्या पोराच्या घरातली दारू, भांडण, कर्ज हे दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात जाऊन बसते. त्याच्या आईने ते तुमच्याजवळ विश्वासाने सांगितले होते. नाव, शाळा, वस्ती, जात यांतले काहीही यंत्राला देऊ नका. अहवाल आपल्या हाताने लिहा. भाषा थोडी ओबडधोबड झाली तरी चालेल.

आणि यंत्राची मदत घेतली असेल तर तसे सरळ सांगा. उद्या तुम्ही वर्गातल्या मुलांना नक्कल करू नका म्हणून सांगणार आहात. स्वतःचे चिंतन-लेखन यंत्राकडून उतरवून घेणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने सांगायचे? युनेस्कोने २०२३ च्या आपल्या मार्गदर्शनात वर्गात अशी यंत्रे वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचवली आहे. तेव्हा चौथी-पाचवीच्या पोरांच्या हाती ती देण्याची घाई कोणी करू नये.

घरात एकच फोन आहे

शेवटची गोष्ट सर्वांत साधी, पण विसरली जाते ती हीच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मी नोकरीत होतो. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ वाटायला आम्ही शाळेत जायचो. रांगेतले पालक मला हळूच विचारायचे, “भाऊ, ते लिंक म्हणतात ते काय असते?” कोणाचा फोन साधा, कोणाचा रिचार्ज संपलेला, कोणाच्या घरी तीन लेकरे आणि फोन एक. वडील पहारेकरी असतील तर फोन त्यांच्याबरोबर बारा तास बाहेर. त्या काळात आमच्या वस्तीतल्या मुलांना खरा उपयोग झाला तो टीव्हीचा. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागत असे. तिला डेटा लागत नव्हता, आणि शेजारची चार पोरे एका खोलीत बसून बघत. नवे ते चांगले असे नसते. ज्याच्यापर्यंत पोचते ते चांगले.

हे कळलेला शिक्षक नव्या तंत्राचेही सोने करू शकतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांपर्यंत पाठ पोचवले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. यंत्र हाती असले तरी वृत्ती कशी असावी, ते यावरून कळते.

म्हणून छात्राध्यापकांनी वर्ग हाती घेतला की आधी शांतपणे माहिती करून घ्यावी की कोणाच्या घरी फोन आहे, कधी असतो, रिचार्ज असतो का. तीही सगळ्यांसमोर हात वर करायला लावून नको. फोनवरचा गृहपाठ देताना त्याच अभ्यासाची वहीतली वाटही द्यावी. रात्री नऊनंतर ग्रुपवर निरोप टाकू नये. मुलींच्या फोनवर शिक्षकाने एकट्याने गप्पांचे निरोप पाठवू नयेत. बोलायचे ते पालकांच्या देखत किंवा शाळेत.

पालकांनाही माझी विनंती आहे. शाळेतून कागद आला की आपण अंगठा किंवा सही करून मोकळे होतो. यापुढे तो वाचून घ्या. स्वतःला येत नसेल तर वस्तीतल्या बी.एड. करणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. माहिती कशासाठी हवी, कोण पाहणार, फोटो कुठे लावणार, हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. नम्रपणे विचारा, पण विचारा. आणि तुमची मुलगी शिकाऊ शिक्षिका असताना एखाद्या मुलाच्या बाजूने उभी राहू पाहत असेल, तर गुणांच्या भीतीने तिला मागे ओढू नका. आमच्या घरात तिची आई आता हेच म्हणते. गुण थोडे कमी आले असते तरी चालले असते, असे ती परवा शेजारणीला सांगत होती.

भरती निघेल तेव्हा निघेल. तोवर आपल्या या मुलामुलींनी सरावपाठातल्या चाळीस-पन्नास पोरांनाच आपला वर्ग समजावे, आणि त्यांच्यापैकी एकाचीही माहिती आपल्या हातून बाहेर जाणार नाही एवढे आजपासून सांभाळावे.

जयभीम.